ओले रॉड

आता राहतो त्या हुडको वसाहतीत वेल्डिंगचा वास आला की खुर्सीपार भागातलं जुनं वर्कशॉप आठवतं. मालक घरी गिझर लावत नसत, आंघोळीचं पाणी उन्हात तापवत. त्याच सवयीने ते भर पावसाळ्यात वेल्डिंगचे रॉड सुकवायची विजेची भट्टी बंद करत.

"भाऊ, रॉड ओले हायेत. जोडात भोकं पडून राहिली. सही नोका करू," वेल्डर देवराव मला म्हणाला.

मालक हसले. "मग लाइटबिल तुमच्या पगारातून कापू?"

माल तपासणारा मी, आणि राहायला मालकांनीच दिलेल्या खोलीत. माल ठीक असल्याची मी सही केली.

सगळा माल परत आला. तोटा भरून काढायला मालकांनी माझ्या टेबलावरचा पंखा नेला. तेव्हा त्यांचा राग आला होता. आज आठवतं ते एवढंच, की घाम पुसून मी पुढच्या मालावरही सही केली.