गिअर कानानं टाकायचा

बाबा गिअर कानानं टाकायचे. स्पीडच्या काट्याकडे बघून गाडी चालवणारा त्यांच्या मते ड्रायव्हरच नव्हे. इंजिनचा आवाज भरून आला की वरचा गिअर, घरघरायला लागलं की लगेच खालचा. उगाच रेस नाही, उगाच ब्रेक नाही. आमच्या जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज हा त्यांच्या अभिमानाचा विषय होता, आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या वैतागाचा.

मागच्या उन्हाळ्यात ते अ‍ॅव्हरेज ढासळलं. बाबांनी पंपवाल्याशी भांडण काढलं, एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, मेकॅनिकला बेजार केलं. "पेट्रोलमधीच भेसळ हाय," हे पालुपद आम्हाला पाठ झालं. मला वाटलं, रिटायर झाल्यावर माणसाला भांडायला काहीतरी लागतंच.

मग एका रविवारी ते मला नांदेडहून लातूरला, माझ्या नोकरीच्या गावी सोडायला निघाले. शहर मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, तरी गाडी तिसऱ्यावरच. इंजिन नुसतं किंचाळत होतं आणि बाबा निवांत समोर बघत होते.

"बाबा, चौथा टाका."

काही नाही. मी ओरडले तेव्हा दचकून त्यांनी गिअर बदलला. "वरडून कशाला राहिलीस? हाय की मी हितंच."

हल्ली फोनवर काहीही विचारलं तरी ते नुसतं "हाव, हाव" म्हणत होकार का भरतात, ते आत्ता कळलं. पेट्रोलमध्ये भेसळ नव्हती. बाबांना इंजिन ऐकूच येत नव्हतं. आणि याच गाडीत आईला शेजारी बसवून ते दर आठवड्याला भोकरला आत्याकडे जायचे! सांगितलं तर गाडीची किल्ली जाणार, आणि किल्ली गेली की हा माणूस खचणार. नाही सांगितलं तर काय होणार, हा विचारही नको वाटत होता. वाटेतलं लोहा आलं तरी माझं तोंड उघडलं नाही.

लोहा ओलांडल्यावर मागून एक ट्रक सारखा हॉर्न वाजवत आला. आमच्या पुढे ट्रॅक्टर होता. त्याला ओलांडायला बाबांनी खुशाल गाडी उजवीकडे घेतली. मी झडप घालून स्टिअरिंग डावीकडे ओढलं. ट्रक अगदी खेटून गेला आणि आमची गाडी कडेच्या मातीत उतरून बंद पडली.

बाबा रागानं लालेलाल झाले. "भाड्या! हॉर्न तरी वाजवावा का न्हाई?"

"वाजवला, बाबा. कधीचा वाजवत होता."

"काय?"

दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगताना मला रडूच फुटलं.

ते उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. मी स्टिअरिंगवर जाऊन बसले. पहिला, दुसरा, तिसरा कसाबसा टाकला, पुढचं भानच राहिलं नाही. गाडी तशीच पळत राहिली. बाबांनी हात पुढे केला, डॅशबोर्डवर तळवा टेकवला आणि इंजिनची थरथर चाचपत तसाच ठेवला.

"टाक की चौथा," ते म्हणाले. "आवाज येत न्हाई का तुला?"