विहिरीपाशी थांबलेली गाडी

मी आणि नाईक भरत चौगुले एकाच विमानातून त्या वाळवंटात उतरलो. मी हवालदार, वायरलेसचा माणूस, गाव सीमाभागातलं येळ्ळूर. भरत ड्रायव्हर, गाव निपाणीजवळचं, घर जैन, तंबाखूची शेती. चारचौघांत तो मला 'उस्ताद' म्हणे. दोघंच असलो की 'अण्णा'.

देशांची नावं सांगणार नाही. दूतावासाच्या ड्युटीत तोंड बंद ठेवायची सवय लागली, ती अजून आहे. एवढंच सांगतो, शेजारी शेजारी दोन अरब राज्यं होती. दोन्हीकडं राजे. मध्ये एक कोरडी नदी. नदीच्या पात्रात एक विहीर आणि तिच्याभोवती पंधरावीस घरं. ती घरं कुणाच्या हद्दीत, यावरून तोफा सुरू झाल्या होत्या. शेवटी दोन्ही राजांनी तात्पुरती शस्त्रसंधी मान्य केली आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला तटस्थ देशांच्या वकिलातींतले लष्करी अधिकारी बोलावले. आमच्या दूतावासातून एक कर्नलसाहेब गेले. सोबत आम्ही दोघे.

सरहद्दीचं भांडण काय असतं ते येळ्ळूरच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पण आमच्याकडं मोर्चे निघतात, बोर्डांना काळं फासतात. तिथं छतं उडत होती.

आमची चौकी एका टेकडीवर. खाली नदी, पलीकडं दुसरी टेकडी. गाडी पांढरी, वर निळं निशाण. हत्यार कुणाजवळच नाही. काम सोपं होतं. बघायचं, कळवायचं. कोणी गोळी झाडली, कोणत्या दिशेनं, किती वाजता. आणि एक कडक नियम. निरीक्षकांच्या गाडीत स्थानिक माणूस बसवायचा नाही. आजारी असो, जखमी असो. एका बाजूचा माणूस उचलला की दुसरी बाजू म्हणणार, हे त्यांना सामील आहेत. मग आम्हाला बाहेर काढणार, आणि बघणारं कुणी उरलं नाही की शस्त्रसंधीही जाणार. कर्नलसाहेबांनी हे पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. मला ते तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

भरत रोज सकाळी खालच्या चौकीवरच्या दुसऱ्या निरीक्षकांना पाणी आणि बॅटऱ्या पोचवून यायचा. वाट विहिरीवरून जायची. तिथल्या एका बाईशी त्याची ओळख झाली होती. थोरला मुलगा सालेम, म्हणून सगळे तिला उम्म सालेम म्हणत, म्हणजे सालेमची आई. नवरा शहरात कामाला. ती भरतला खजूर द्यायची, हा तिच्या पोरांना आमची बिस्किटं द्यायचा. भाषा एकमेकांची कळत नव्हती.

'काय बोलता रं एवढं?' मी विचारलं.

'ती तिचं बोलती, मी माझं बोलतो. हुतंय काम.'

वायरलेसवर आम्ही इंग्रजी-हिंदीत बोलायचो. संध्याकाळी चॅनेल मोकळं असलं की आपल्या भाषेत. कर्नलसाहेब पंजाबचे. एकदा म्हणाले, 'मला थोडी मराठी येते, पण तुमची ही कुठली?' आम्ही हसलो.

त्या दिवशी सकाळी भरत परत यायला निघाला आणि पलीकडच्या टेकडीमागून मॉर्टर सुरू झाले. पहिले गोळे पात्रात पडले. नंतरचे घरांवर. साहेबांनी टेलिफोन उचलला आणि पलीकडच्या हेडक्वार्टरशी बोलायला लागले. मारा थांबवा, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मी सेटवर होतो. वायरलेसवर आमची चौकी 'हिल', भरतची गाडी 'टू'.

'हिल, मी टू. विहिरीपाशी कॅज्युअल्टी. एक बाई, दोन मुलं. उचलायची परवानगी द्या. ओव्हर.'

मी साहेबांकडं वळून सांगितलं. त्यांनी टेलिफोनवर हात ठेवला. क्षणभर डोळे मिटले. म्हणाले, 'निगेटिव्ह. त्याला म्हणावं, ताबडतोब परत ये.'

'टू, मी हिल. निगेटिव्ह. गाडी रिकामी घेऊन परत ये. ओव्हर.'

सेटवर नुसती खरखर. मग आवाज आला.

'अण्णा, बाईच्या पायातनं लई रगत चाललंय. पोरं माझी पॅन्ट सोडंनात. काय करू? तू सांग.'

साहेब पुन्हा टेलिफोनवर होते. आमची भाषा त्या टेकडीवर दुसऱ्या कुणाला कळत नव्हती. मी इंग्रजीतली ऑर्डर पुन्हा सांगू शकलो असतो. भरतनं आजवर माझा शब्द कधी मोडला नव्हता.

मी म्हणालो, 'आण रं.'

'व्हय, अण्णा.'

बाईला उचलून मागं झोपवायला वेळ लागला. पोरांना आत घ्यायला वेळ लागला. तेवढ्यात रिकामी गाडी टेकडीच्या आड पोचली असती. गाडी चढाला लागली तेव्हा दुर्बिणीतून मला ती पूर्ण दिसत होती. शेवटच्या वळणावर डाव्या बाजूला गोळा पडला. धूळ उडाली. धुळीतून गाडी बाहेर आली, सरळ रेषेत, वेग न सोडता. चौकीच्या आवारात येऊन उभी राहिली.

मी धावलो. मागं बाई शुद्धीत होती. पोरं रडत होती, अंगावर ओरखडा नव्हता. भरतनं हँडब्रेक ओढलेला होता, गिअर न्यूट्रलला होता. दाराच्या पत्र्यातून आलेला तुकडा त्याच्या बरगडीखाली शिरला होता. मी त्याला खाली घेतलं तेव्हा तो बोलण्याच्या पलीकडं गेला होता.

साहेब आले. मी सॅल्यूट करून सांगितलं, 'सर, त्यानं ऑर्डर मोडली नाही. त्याला मी आण म्हटलं.'

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग भरतकडं. 'आणायची ऑर्डर माझी होती,' ते म्हणाले. 'मीच दिली. हे यापुढं कुणाशी बोलायचं नाही.'

त्यांनी वर तसंच कळवलं. पलीकडच्या राजानं तक्रार केली की निरीक्षक शत्रूची माणसं वाहून नेतात. त्याच आठवड्यात आमचं पथक परत बोलावलं गेलं. बाईचा पाय कापावा लागला, पण ती वाचली. आम्ही निघालो आणि लढाई पुन्हा सुरू झाली. त्यानंतर त्या नदीत किती माणसं मेली, मला माहीत नाही. ती कुणाच्या हिशेबात धरायची, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. साहेबांचं प्रमोशन थांबलं. माझं झालं. मी सुभेदार होऊन रिटायर झालो.

पेन्शनीत आल्यावर पहिल्याच महिन्यात भरतच्या घरी गेलो. शवपेटीबरोबर गेलो होतो तेव्हा सांगणं जमलं नव्हतं. त्याचे वडील, आप्पा, सोप्यात बसले होते. भरतची बायको सुजाता दारात उभी राहिली. मी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं.

आप्पांनी एकच विचारलं. 'तुमी न्हाय म्हटला असता, तर त्यानं ऐकलं असतं?'

'ऐकलं असतं, आप्पा.'

ते रस्त्याकडं बघत राहिले. सुजाता दारातूनच म्हणाली, 'पोरं केवढी हुती?'

'मोठा सहाएक वर्षांचा. धाकटी कडेवरची.'

ती आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मी उठलो तसे आप्पा म्हणाले, 'बसा. दिवस मावळल्यावर आमच्यात जेवत न्हाईत. त्याच्या आत चार घास खाऊन घ्या.'

मी जेवलो. समोर आप्पाही जेवले. माफ केलं असं त्यांनी म्हटलं नाही, मीही माफी मागितली नाही. त्यानंतर दरवर्षी जातो. दोन वर्षांपूर्वी आप्पा गेले. आता सुजाता वाढते.

भरतच्या गावच्या वेशीवर फरशी बसवली आहे. तिच्यावर रँक, नाव आणि 'कर्तव्यावर असताना' एवढंच लिहिलं आहे. लोक मला विचारतात, हा कुठल्या लढाईत गेला? आपली लढाई नव्हती, मी सांगतो. नाईक भरत चौगुले, ड्रायव्हर. त्याच्या गाडीत तीन माणसं होती. तिन्ही जिवंत पोचली.