पालथा ग्लास

मला कुठलीही वस्तू उलटी करून बघायची खोड आहे. समई असो, कपबशी असो, पाहुण्यांकडचं फुलपात्र असो, आधी बूड बघायचं. नवरा म्हणतो, "हिच्यासमोर देव प्रकटला तरी ही त्याचे पाय वर करून पाहील." म्हणू दे! वरून काय, सगळंच छान दिसतं. खरं काय ते बुडाशी कळतं, या मताची मी आहे.

या खोडीला धार आली ती नागपूरला फसल्यावर. लेकीकडे गेले होते, तिथे जुन्या बाजारात एकाने वाइनचा उंच दांडीचा ग्लास "इंग्रजाच्या जमान्याचा" म्हणून माझ्या गळ्यात मारला. बूड पाहिलं होतं बरं का मी! चांगलं झिजलेलं होतं. घरी आरमोरीला आल्यावर भिंगाखाली धरला, तर सगळे ओरखडे एकाच दिशेचे. मेल्याने पॉलिशपेपर मारला होता. वापरून झिजलेली वस्तू अशी शिस्तीत झिजते का कधी? ओट्यावर, टेबलावर ती इकडून तिकडे सरकते, तिचे ओरखडे कसेही गेलेले असतात.

झालं, मग मी हात धुऊन काचेच्याच मागे लागले. मिळेल ते वाचलं, मोबाइलवर तासन्‌तास पाहिलं. साच्यातल्या नव्या ग्लासाला कडेने शिवण असते. तोंडाने फुंकून केलेल्या जुन्या ग्लासाला बैठकीखाली, म्हणजे ज्या चकतीवर तो उभा राहतो तिच्याखाली, बेंबीसारखा वण असतो. घडवताना तिथे लोखंडी सळई चिकटवतात आणि शेवटी तोडून काढतात, त्याची ती खूण. फार जुन्यांची बैठक सपाट नसते, खालून खोलगट असते. काचेत एखादा बुडबुडा अडकलेला असतो, रंगात किंचित राखेची झाक असते. आणि बैठकीची कड झिजलेली पाहिजेच पाहिजे. फसवणूक तिथेच झाल्यामुळे त्या परीक्षेवर माझा भारी जोर.

ही कीर्ती आमच्या गल्लीत पसरली आणि एक दिवस आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. चार घरं पलीकडे एकट्या राहतात, ऐंशी तरी असतील, सगळी गल्लीच त्यांना आत्याबाई म्हणते. पदराखालून त्यांनी एक ग्लास काढला. राखेने घासून लख्ख केलेला.

"तुले काच कळते म्हनते. पाह्य अन् सांग, हा जुना हाय का बजारातला हाय?"

गोष्ट अशी होती. त्यांचे वडील जंगलातल्या एका बंगल्यावर रखवालदार होते. तिथला गोरा साहेब हिवतापाने फणफणला, तेव्हा त्यांनी त्याला जागून सांभाळलं. देश सोडून जाताना साहेबाने हा ग्लास त्यांच्या हातात ठेवला आणि सांगितलं, माझ्या आजोबाच्या आजोबाचा आहे, जपून ठेव. वडिलांनी ते गावात सांगितलं आणि गाव हसलं. कोणता साहेब आपल्या खापरपणज्याची वस्तू रखवालदाराला देईल? जत्रेतून आणला असेल लेकाने! तेव्हापासून त्यांचं नाव पडलं गप्पाड्या. मरेपर्यंत ते पुसलं नाही.

"ग्लास जुना निंघाला तं बाप खरा," आत्याबाई म्हणाल्या. "नाई तं नाई."

मी भिंग घेतलं. शिवण नाही. बेंबी आहे. बैठक खालून चांगली खोल. दांडीत बारीकसा बुडबुडा. मी मनात म्हटलं, वा गं! मग बैठकीची कड पाहिली. एक ओरखडा नाही. इतक्या वर्षांचा ग्लास आणि कड कशी कालच आणल्यासारखी! उलट वरच्या तोंडाची कड खरखरीत लागत होती, पण ती कुठेतरी आपटली असेल असं मला वाटलं.

"आत्याबाई, बाकी खुणा तर जुन्या दिसतात. पण..."

माझा 'पण' ऐकला आणि त्या उठल्याच. "राहू दे माय. लोक बराबरच म्हनत होते." ग्लास पदराखाली घेऊन गेल्यासुद्धा.

जिवाला नुसती रुखरुख लागली. बेंबी खोटी नाही, बुडबुडा खोटा नाही, मग झीज गेली कुठे? त्या नादात वांग्याची भाजी करपली, नवऱ्याची बोलणी खाल्ली. शेवटी दुसऱ्या दिवशी विरजणाचं निमित्त काढून तिन्हीसांजेला त्यांच्या घरी गेले. त्या दिवा लावत होत्या. कोनाड्यात तो ग्लास होता, तोंड खाली, बैठक वर. आणि बैठकीच्या खोलगट भागात मातीची पणती.

"अगं बाई! हा असा पालथा असतो?"

"मंग कसा असन? बापानं पह्यल्या दिसापासून असाच ठेवला. त्यात पेनार कोन आमच्या घरी? वरती खड्डा हाय ना, पनती हालत नाई."

मी कपाळावर हात मारला. जन्मभर वस्तू उलट्या करून बघणारी मी, आणि जो मुळातच उलटा जगला त्याचं बूड तपासत बसले होते! पणती उतरवून ग्लासाचं तोंड भिंगाखाली धरलं. सगळी कड झिजलेली, बारीक ओरखडे वाट्टेल त्या दिशेला गेलेले. रोज झाडायला उचलायचा, रोज परत ठेवायचा. कोनाड्याच्या दगडावरसुद्धा गोल उमटला होता. साहेबाच्या घरी तो कपाटातच जपलेला असणार, म्हणून बैठक कोरी. आणि सपाट बुडाच्या नव्या ग्लासावर पणती अशी बसलीच नसती. मी आनंदाने जवळजवळ ओरडलेच.

"आत्याबाई, जुना आहे! साहेबाच्याही कितीतरी आधीचा. तुमचे वडील खरं बोलत होते."

मला वाटलं त्या हसतील. त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"हासनारे तं सारे गेले," मग म्हणाल्या. "आता सांगू कोनाले?"

मी ग्लास होता तसा पालथा ठेवला. त्यांनी वर पणती ठेवली, टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल घातलं, वात पेटवली आणि माझा हात धरून मला कोनाड्यासमोर उभं केलं.

"मले नको सांगू. माह्या बापाले सांग. तू मास्तरीन होय, तुह्या बोलन्याले वजन हाय. जोरात सांग, त्याले कमी आयकू ये."

मला हसू येत होतं, तरी मी सरळ उभी राहिले. वर्गात बोलायचे तशा आवाजात मी त्या दिव्याला म्हटलं, "बाबा, तुमचा ग्लास खरा आहे. तुम्ही खरं बोलत होता."

"अन् हे बी सांग," आत्याबाई माझ्या मागून म्हणाल्या, "का तुह्यी पोरगी बी तवा लोकाइसंग हासली होती. ते आता माफी मांगून राह्यली."