निमोण्याहून आणलेलं टोचन

आमची गाडी मी एकदा निमोण्याहून शिरूरपर्यंत ट्रॅक्टरला बांधून आणली, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मेहुण्याला माहीत आहे, कारण ट्रॅक्टर त्याचा. पण त्याच्या लेखी ही सांगण्यासारखी गोष्टच नाही. आमच्या भागात बंद पडलेली कुठलीही गाडी अशीच टोचन करून नेतात. पुढं ट्रॅक्टर, मध्ये दोर, मागं स्टिअरिंगला एक माणूस.

आमची गाडी मात्र ऑटोमॅटिक. बायकोचा डावा पाय लहानपणीच्या पोलिओनं अधू. क्लच दाबणं तिला जमत नाही. म्हणून ही जुनी गाडी मुद्दाम शोधून घेतली होती. दौंडहून शिरूरच्या बाजूच्या शाळेवर ती रोज स्वतः चालवत जायची. मला कुरकुंभला कंपनीची बस. गाडी तिचीच, असं घरात ठरलेलंच होतं.

त्या दिवशी मी ती निमोण्याला, सासुरवाडीला घेऊन गेलो आणि तिथं तिचा पेट्रोलचा पंप बंद पडला. मेहुणा दोर घेऊनच आला. "दाजी, उसाच्या ट्रॉल्या वढतो आपला ट्रॅक्टर. ही तर काड्यापेटी हाय."

मी मेंटेनन्समध्ये फिटर. पंप हेच माझं काम. एखाद्या ऑपरेटरनं पंप कोरडा फिरवला तर मी त्याला सोडत नाही. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरती म्हणजे आतलं सगळं कोरडं फिरणार. हे मला अर्ध्या वाटेत सुचलं. हॉर्न वाजवला असता तर मेहुणा थांबला असता. पण मग गाडी टेंपोवर चढवा म्हणावं लागलं असतं आणि सासुरवाडीत वर्षभर हसले असते. मी हॉर्नवरचा हात काढून घेतला.

शिरूरला पेट्रोलचा पंप बदलला. घरी तेवढंच सांगितलं.

पुढं काही आठवड्यांनी बायको म्हणाली, "अहो, गाडी तापली की इंजिन नुसतं ओरडतं, पुढं जायचं नाव नाही. मध्येच काहीतरी सुटल्यासारखं होतं."

एवढ्या नेमक्या शब्दांत मलासुद्धा सांगता आलं नसतं. दौंडच्या आमच्या जुन्या मिस्त्रीकडं, सगळे त्यांना चाचा म्हणतात, दोघांनी जाऊन गाडी दाखवली. त्यांनी गिअरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी काढून वास घेतला आणि माझ्या नाकाला लावली. जळका वास. गिअरबॉक्सचं खालचं पॅन उतरवलं तर त्यातल्या चुंबकावर काळा चिखल.

"प्लेटी जळल्यात," चाचा म्हणाले. "कुणी टोचन केली व्हती का हिला?"

"न्हाई," मी म्हणालो.

स्टुलावर बसलेली बायको म्हणाली, "माझ्याच पायानं झालं असणार. एकाच पायाचा खेळ. ब्रेकवरून रेसवर जाताना गडबडते मी."

माझ्या हातात ती पट्टी होती. मी ती पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तिनं किल्ली खिळ्याला अडकवली आणि एसटीनं जायला लागली. एसटीच्या पायऱ्या चढताना आधी हातानं डावा पाय उचलून ठेवायची.

चाचा म्हणाले, "भाऊ, इकून टाका. ऑटोमॅटिकच्या नादी कशापायी लागता?"

"मग ती काय चालवणार, चाचा?"

मोडीत निघालेल्या तसल्याच गाडीचा चांगला गिअरबॉक्स त्यांनीच मिळवून दिला. मी रजा टाकली. गिअरबॉक्सचं तेल गार करणाऱ्या कूलरच्या नळ्यांतली सगळी घाण धुऊन काढली. सगळ्यात नाजूक काम, इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणारा कन्व्हर्टर बसवायचं. तो फिरवत फिरवत खट करून एकेक पायरी आत जातो. अर्धवट बसला आणि तसाच बोल्ट आवळला, की गिअरबॉक्समधला पंप जागीच फुटतो. चाचा बोल्ट आवळायला निघाले.

"थांबा चाचा, अजून एक खट बाकी हाय."

"तुमच्या कानात हाय का खट?"

"हातात हाय."

फिरवला. खट! चाचांनी मोजपट्टी लावून मोजलं आणि नुसती मान हलवली. कंपनीत इतकी वर्षं काम केलं, पण त्या मान हलवण्याएवढी शाबासकी मला कुणी दिली नाही. आजही ऊर भरून येतो.

बायको चालवायला तयार नव्हती. "नको, परत मोडेल."

चाचा मागच्या सीटवर जाऊन बसले. "वहिनी, मोडली तर ह्यांना पुन्यांदा गाडीखाली घालू. तितंच बरे ऱ्हातात ते."

ती हसली आणि बसली. भीमेच्या पुलापर्यंत दुसरा, तिसरा गिअर कधी पडला, कळलंसुद्धा नाही. पुलावर तिनं काच खाली केली. मी शेजारी बसून रस्त्याकडं न बघता तिच्याकडंच बघत होतो. अशी गाडी चालवणारी बायको आणि असा गिअरबॉक्स बसवणारा मी. त्या दिवशी दौंडात आमच्या तोडीचं कुणी नव्हतं.

ती गाडी अजून धावते. शाळेत ती कौतुकानं सांगते, "गिअरबॉक्स मी मोडला, ह्यांनी बसवला." आणि रेसवर पाय इतका हळू ठेवते, की उसाचे ट्रॅक्टर तिला मागं टाकून जातात. मी म्हणतो, दाब की जरा. ती म्हणते, "नको, माझ्या पायाचा भरवसा नाही."

गिअरबॉक्स मी बदलून दिला. पण तिच्या पायानं काहीच मोडलं नव्हतं, हे अजून सांगितलेलं नाही. हे छापून तिच्या हाती पडायच्या आत माझ्या तोंडून तिला सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो.