फळीवरचं हसू

“आजी, अजून वाका. मोळी जड असते ना?”

शर्वरी माइकवरनं म्हणाली आणि अख्खा हॉल हसला. मी वाकले. अंगात लुगड्यावरनं चढवलेला माझ्या मालकांचा, नवऱ्याचा, जुना फुलबाह्यांचा शर्ट. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पुठ्ठ्याचा खोटा ऊस. वजन काहीच नव्हतं. तरी मी मान ताठ धरली, गुडघे जरा दुमडले आणि खरी मोळी घेऊन चालतात तशी चालले. पोरं शिट्ट्या मारत होती. पुढच्या रांगेत सर हसत होते, पाहुणे हसत होते. आणि साठीला टेकलेली मी बाई, मीपण हसत होते.

ते हसणं अजून गिळलं जात नाही मला. घासात खडा यावा तसं.

थांबा, नीट सांगते. माझं बोलणं असंच, पुढचं आधी येतं.

मी माण तालुक्यातली. पाऊस आमच्याकडं वाट चुकून येतो. लग्न झालं तसं दरसाल दिवाळी झाली की कोयता घ्यायचा, कोरेगावच्या बाजूला नाहीतर खाली कृष्णाकाठाला यायचं, ऊस तोडायचा आणि उन्हाळ्यात परत. पुढं मालक गेले. मुलगा कोरेगावात गॅरेजला लागला, मी त्याच्याकडं राहायला आले. शाळा चौथीपर्यंत झालेली, ती पार विसरलेली. नातवाच्या पुस्तकातनं अक्षरं परत उकरून काढली. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झाले, मग बारावी. सून म्हणाली, “आता थांबू नका. कॉलेजात जावा.” गेले. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, रोज दप्तर घेऊन.

पहिल्याच दिवशी गेटवरचा शिपाई म्हणाला, “पालकांनी बाहेर थांबायचं.” त्याला ओळखपत्र दाखवलं तर ते उलटंपालटं करून बघितलं त्यानं. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसेना. पोरी वाईट नव्हत्या, त्यांना काय बोलावं ते कळत नसावं. कॅन्टीनला एकटीच बसून चहा प्यायचे. माझ्यासारख्या बडबड्या बाईला हे म्हणजे नाक दाबून धरल्यासारखं. घरी आले की सुनेला सांगायचे, “लय छान हाय कॉलेज.” आणि न्हाणीत जाऊन तोंड धुवायचे.

मग एक दिवस शर्वरी म्हणाली, “आजी, इकडं या की आमच्यात.”

तिचा सात-आठ पोरींचा ग्रुप. सगळ्या बागायतदारांच्या घरच्या. स्कूटीवरनं यायच्या, भेळ मागवायच्या, मला मोबाईलवर फोटो काढायला शिकवायच्या. शर्वरीनं गावाचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली, आणि मी भेळेच्या कागदात मान घातली. त्यांच्या विहिरीजवळच्या पट्टीत मी ऊस तोडला होता. ही तवा जन्मलीपण नव्हती.

“आजी, तुम्ही आधी काय करायचा?” तिनं विचारलं.

“शेती,” मी म्हणाले.

तेवढ्या एका शब्दावर मला ग्रुपमध्ये जागा मिळाली.

त्याच आठवड्यात शेवटच्या बाकावरची एक पोरगी जिन्यात भेटली. रेश्मा. वसतिगृहात राहायची, कुणाशी फार बोलायची नाही. मला म्हणाली, “मावशी, तुमी माणच्या का? बोलण्यावरनं वाटलं. माझे आई-आप्पा बी तिकडचंच. ऊसतोडीला अस्त्यात.”

“न्हाई गं,” मी म्हणाले. “मी इथलीच.” आणि चप्पल ओढत खाली गेले, कारण खाली शर्वरी हाका मारत होती.

आपली माणसं ओळखायला एक शब्द लागतो, आणि टाळायलाही एकच. मी टाळलं. पुढंही टाळत राहिले. ती समोरनं आली की मी पिशवीत काहीतरी शोधायला लागायचे.

जानेवारीत गॅदरिंग आलं. शर्वरीनं विनोदी नाटुकलं बसवलं, ऊसतोडीचं. प्रॅक्टिस बघायला मी बसायचे. पोरींनी चुंबळ मुंडाशासारखी बांधली होती. मला राहवलं नाही. उठले, सोडून परत वळून दिली. मग शर्ट का घालतात ते सांगितलं, पाचटानं, उसाच्या वाळक्या पात्यानं, हात कापतात म्हणून. कोयता कसा धरतात ते दाखवलं.

“आजी, तुम्हाला कसं माहीत एवढं?”

“बघितलंय की आयुष्यभर.”

त्या हसायच्या, टाळ्या द्यायच्या, अजून सांगा म्हणायच्या. मला तर तेच पाहिजे होतं. इतकी माणसं माझ्या तोंडाकडं बघतायत, असं आधी कधी घडलंच नव्हतं. मी सांगत सुटले. आणि सांगता सांगता सखूची गोष्ट सांगितली.

सखू माझी धाकटी जाऊ. ट्रॉली भरताना डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं चढावं लागतं. त्या सकाळी फळीवर दव होतं. सखूचा पाय निसटला. मोळी एकीकडं गेली, ही दुसरीकडं, आणि शर्टाचा घोळ ट्रॉलीच्या आकड्यात अडकला. घटकाभर तशीच लोंबकळली. टोळीचा मुकादम खालनं म्हणाला, “सखे, वाळत पडलीस व्हय गं?” मग शर्ट फाटला आणि ती बांधावर कंबरेवर आदळली. ती कंबर आजपर्यंत सरळ झाली नाही. शेळ्या राखते, एका अंगाला झुकून.

कंबरेचं मी पोरींना सांगितलंच नाही. मुकादमाच्या बोलण्यावर थांबले. पोरी पोट धरून हसल्या. शर्वरी म्हणाली, “आजी, हे घ्यायचंच.”

मी म्हणाले, “घ्या की.”

मोळी घेऊन चालायचं काम त्यांनी मलाच दिलं, शर्टही मीच घरनं नेला. तर गॅदरिंगला मी चालून दाखवल्यावर शर्वरी फळीवर चढली. पडली. पाय वर केले. मुकादम झालेलं पोरगं म्हणालं, “सखे, वाळत पडलीस व्हय गं?” हॉल दणाणला. मी विंगेत टाचण्या धरून उभी. तिथनं मला रेश्मा दिसली. ती उठली, रांगेतनं लोकांचे गुडघे चुकवत बाहेर गेली. कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

पहिला नंबर आला. जिल्ह्याच्या स्पर्धेला साताऱ्याला जायचं ठरलं. पोरींनी मला मिठ्या मारल्या, फोटो काढले. मी तसाच शर्ट अंगात ठेवून नळावर गेले. रेश्मा तिथंच होती.

“मावशी, तुमी माणच्याच,” ती म्हणाली.

“व्हय.”

“अशी मान धरायला नुसतं बघून शिकता येत न्हाई.” मग शर्टाकडं बघत म्हणाली, “माझी आई आत्ता रहिमतपूरच्या बाजूला फडात हाय. ती बी फळीवर चढती.”

ती रडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. बाटली भरून घेतली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी सखूला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाले, “सखू, तुझी ती फळीवरची गोष्ट मी कॉलेजात सांगितली. त्यांनी नाटकात घेतली.”

मागं शेळीची घंटी वाजत होती. “हसली का लोकं?” तिनं विचारलं.

“हसली.”

“आन् तुमी, आक्का?”

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

“तवाबी हसलाच हुता तुमी,” ती म्हणाली. राग नव्हता आवाजात. दूध नासलं म्हणून सांगावं, तसं सांगितलं.

खरं होतं. हे मी इतकी वर्षं विसरून बसले होते. सखू लोंबकळत होती आणि आम्ही सगळी टोळी खाली उभी राहून हसलो होतो. मुकादम हसला म्हणून. तो हसतोय आणि आपण नाही हसलो तर उद्या लांबचा, तोडायला जड जाणारा पडका ऊस वाट्याला येईल म्हणून. मी तिची थोरली जाऊ, मी आधी हसले आणि मग धावले.

आणि आता कोणता मुकादम होता? कोणता पडका ऊस वाट्याला येणार होता माझ्या? भेळेच्या कागदाभोवतीची एक जागा. तिच्यासाठी मी सखूला दुसऱ्यांदा फळीवरनं पाडलं.

पुढच्या प्रॅक्टिसला गेले ती उभीच राहिले. म्हणाले, “मी साताऱ्याला येणार नाही. सामानातला माझा शर्ट द्या. आणि ते फळीवरनं पडायचं काढा.”

शर्वरीला धक्काच बसला. “आजी, अहो ती गोष्ट तुम्हीच सांगितली ना?”

“मीच सांगितली. तीच माझी लाज आहे. मी आणि माझी जाऊ, आम्ही ऊस तोडत होतो. मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

“पण आम्ही कुठं त्यांना वाईट म्हणतोय? आमच्याकडं दरवर्षी टोळी येते. आई स्वतः चहा देते त्यांना.”

“कशात देते?”

“म्हणजे?”

“चहा कशात देते, शर्वरी?”

ती बाकीच्या पोरींकडं बघायला लागली. मग मीच सांगितलं, “कान मोडलेल्या कपात. गोठ्याच्या कोनाड्यात पालथे घातलेले असायचे. तुझ्या आजीच्या वेळेपासून. मी प्यालेय त्यातनं. विहिरीजवळच्या पट्टीत माझा कोयता चाललाय.”

मागनं कुणीतरी फिस्सकन हसलं. घाबरून हसलं असेल. आणि काय सांगू, सवयीनं माझेही ओठ हसायला निघाले. ते मी दातांनी धरले. सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं, शर्ट उचलला आणि बाहेर पडले.

ग्रुपमधनं मला काढलं. साताऱ्याला त्या गेल्या. फळी ठेवली होती म्हणे, दुसरा शर्ट मिळाला. हसलेही लोक.

रेश्मा अजून माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. मी जाऊन तिच्या बाकावर बसत नाही. तिनं जागा दिली तर बसेन, नाही दिली तर शेवटच्या वर्षापर्यंत एकटी बसेन. पण आता कुणी विचारलं, आधी काय करायचा, तर मी सांगते, “ऊस तोडायचे.” चहा एकटीचा असतो. असू दे.

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सखूकडं जाणार आहे. माफी मागून मोकळी व्हायला नाही. फोनवर जे तोंडातनं फुटलं नाही ते तिच्यासमोर बसून सांगायचं आहे, की व्हय, मी हसले होते, दोन्ही वेळा. तिनं हाकललं तर बाहेर शेळ्यांपाशी बसेन.

आणि पुढच्या गॅदरिंगला कुणी ती फळी परत लावली तर मी पहिल्या रांगेत बसलेली असेन. पाहुणे हसतील, सर हसतील. मी उठून उभी राहीन आणि म्हणेन, थांबवा. आवाज मला देवानं मोठा दिलाय. आजवर तो दुसऱ्यांना हसवायला खर्च केला.