झुबाराच्या किल्ल्यात मीच गाइड

मी दोह्यात टुरिस्ट व्हॅन चालवतो. हिवाळ्यात बंदरात क्रूझची जहाजं लागतात. प्रवासी सकाळी उतरतात, आम्ही त्यांना जुन्या जागा दाखवतो आणि संध्याकाळच्या आत परत जहाजावर सोडतो. बोलायचं काम गाइडचं, माझं फक्त स्टिअरिंग.

त्या सकाळी शहरातल्या नजमा भागातल्या माझ्या खोलीवरून निघालो तोच गाइडचा फोन आला. केरळचा माणूस, आवाज पार बसलेला. "भाई, बुखार है. आज तू संभाल." ऑफिसला कळवलं, तर तिकडून, "दुसरा कुणी नाही. यल्ला, चल, तूच बोल. रोज ऐकतोस ना?"

ऐकत होतो हे खरं. त्याचं भाषण मला पाठच झालं होतं. पण मी दहावीला इंग्रजीत कसाबसा काठावर पास झालेला. बंदरापर्यंत तेच भाषण पुटपुटत गेलो.

सहा जपानी पाहुणे होते, सगळे सत्तरीच्या पुढचे. त्यांतल्या एका बारीक चणीच्या बाईंना सावकाश इंग्रजी येत होतं. मी खरं काय ते सांगून टाकलं, "मॅडम, गाइड आजारी आहे. मी ड्रायव्हर. माझं इंग्लिश लहान आहे." त्या म्हणाल्या, "माझंही लहानच आहे. तुम्ही सांगा, मी यांना जपानीत सांगते."

दीडेक तासाने अल झुबाराला पोचलो. मोकळं माळरान, वारा, आणि त्यात एकटा उभा किल्ला. जाड भिंतींपासून मी सुरुवात केली. मग समुद्राकडच्या जुन्या गावाचे अवशेष दाखवले. इथले लोक नाकाला चिमटा लावून बुडी मारायचे, शिंपले वर आणायचे, मोत्यांवर सगळं गाव जगायचं. मी एक वाक्य बोलायचो, बाई जपानीत सांगायच्या, पाच माना एकदम डोलायच्या. मला हळूहळू मजा यायला लागली.

आणि मग पुढचं वाक्य आठवलं नि मी उगाच टोपी सारखी करायला लागलो.

"मग काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मग पुढे या सगळ्या किनाऱ्यावरचा मोत्यांचा धंदा खलास."

"का?"

गाइड रोज सांगायचा ते कारण यांच्या तोंडावर कसं सांगायचं? पण खोटंही सुचेना. मी खाली बघत म्हटलं, "मॅडम, जपानमध्ये मोत्यांची शेती सुरू झाली. स्वस्त मोती आले."

त्यांनी ते लगेच जपानीत सांगितलं नाही. आधी मला म्हणाल्या, "माझे वडील तेच काम करायचे. आत मोती धरावा म्हणून शिंपल्यात मणी बसवायचे. फार चांगला हात होता त्यांचा. त्यावरच आम्ही भावंडं शिकलो." नंतर त्या बाकीच्यांशी बराच वेळ बोलल्या. निघण्याआधी त्या पडक्या घरांकडे तोंड करून कमरेत वाकल्या. त्यांचं बघून बाकीचेही वाकले. मी टोपी काढून हातात धरली.

परतीच्या वाटेवर समुद्राकाठी जेवायला थांबलो. मी नेहमी व्हॅनमध्येच डबा खातो. त्या दिवशी बाईंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. म्हणाल्या, "तुमच्या गावाला समुद्र आहे?"

"आहे ना! माझी आई ओहोटीला खडकावरचे शिंपले, कालवं, फोडायला जाते."

"मोती सापडतो?"

"कधीच नाही. आम्ही आमटी करून खातो."

त्यांनी हे सांगितल्यावर सहाही जण खळखळून हसले. एका आजोबांनी आमटीची कृती विचारली. ओलं खोबरं, तिरफळं, कोकम हे मी हातवारे करून समजावलं. तिरफळ म्हणजे कुठला मसाला, ते काही शेवटपर्यंत जमलं नाही.

जहाज सुटायच्या बरंच आधी मी त्यांना बंदरावर सोडलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही ते खरं सांगितलंत, बरं केलंत." मीही वाकलो, त्यांच्याइतकं नीट नाही.

खोलीवर आल्यावर गाइडला फोन करून ताप विचारला, मग गावी बायकोला फोनवर सगळं सांगितलं.

"तुम्ही दिवसभर इंग्लिश बोललात?" तिचा विश्वासच बसेना.

"हो."

"आणि त्यांना कळलं?"

"तिरफळ सोडून सगळं."