माझ्या मापाचा ट्रॅक्टर

मामाजी गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांनीच दुरुस्त केलेल्या ट्रॅक्टरवर होते. वांगी लावायच्या तुकड्यात वखर मारत होते आणि इंजिनाच्या आवाजात फोन ऐकूच आला नाही. शेजारच्या रंजनाबाई बांधावरून दोन्ही हात हलवत पळत आल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. चंद्रपूरच्या दवाखान्यात नणंद त्यांच्याजवळ होती. मी आणि सासूबाई दुपारी निघणार होतो. मी इंजिन बंद केलं, पण खाली उतरायचं काही सुचेना... तशीच बसून राहिले.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझे मामाजी शिंपी. नागभीडला स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं आणि आमचं गाव तिथून सायकलच्या अंतरावर. त्यांनी शिवलेली पँट घालून तालुक्यातली कितीतरी मुलं मुलाखतीला गेली, नवरदेव झाली. स्वभाव तापट. गिऱ्हाईक म्हणालं की बाही तोकडी झाली, तर म्हणायचे, "बाही बरोबर हाये, तुमचा हातच लांब झाला." आणि मग गुपचूप उसवून नीट करून द्यायचे.

ट्रॅक्टर आणला होता माझ्या नवऱ्यानं, प्रवीणनं. तो बल्लारपूरला कामाला होता. तिथल्या एका भंगारवाल्याकडे त्याला हा दिसला. कुठल्याशा जुन्या बंगल्याच्या बागेत हिरवळ कापायला आणलेला, परदेशी बनावटीचा, उंचीला जेमतेम म्हशीएवढा. आमच्या घरामागची भाजीपाल्याची वाडी अशी अरुंद की मोठा ट्रॅक्टर तिथं वळतच नाही. "हा वळेल," प्रवीण म्हणाला आणि टेम्पोत टाकून घेऊन आला. इंजिन गच्च बसलेलं, पत्रा गंजून जाळीदार झालेला. सुट्टीच्या दिवशी तो त्याच्याशी झटापट करायचा. मग त्याला कावीळ झाली, ती उतरलीच नाही, आणि ट्रॅक्टर ताडपत्रीखाली गेला.

प्रवीणनंतर घर गप्प झालं. पाऊस तोंडावर आला तसा चुलत दीर आले. वाडी ठेक्यानं देऊन टाका, सूनबाईंना राजुऱ्याला माहेरी पाठवा, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. सासूबाईंनाही ते पटलं होतं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिचं वय काय हाये आता? इथी आपल्यासंगं काऊन कुढत बसन ते?" मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते. मला जायचं नव्हतं. पण राहायचं तर कशाच्या जोरावर, ते सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींनी दुकान उघडलं नाही. अंगणात जाऊन ताडपत्री काढली.

शिलाई मशीन सोडली तर त्यांनी कुठल्याच यंत्राला हात लावलेला नव्हता. पहिले काही दिवस तर त्यांनी मशीनचंच तेल इकडेतिकडे घातलं. मग स्टेशनजवळचे वेल्डिंगवाले सत्तारभाई येऊन पाहून गेले आणि हसले. "मास्टर, इसको रॉकेल पिलाओ पहले." इंजिनात रॉकेल भरून ठेवलं. रोज चहा झाला की मामाजी पुली धरून जोर लावायचे. ती हलायची नाही. ते शिव्या द्यायचे आणि दुकानात जायचे. एका सकाळी पुली कुरकुरली आणि बोटभर फिरली. मामाजी ओरडले, "हालली! बाई, हालली पाह्य!" प्रवीण गेल्यापासून त्या अंगणात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. सासूबाई पोळ्या टाकून बाहेर आल्या.

या यंत्राचे भाग मिळेनात. कार्बोरेटर जुन्या स्कूटरचा बसवला, तो पहिल्यांदा उलटा बसवला. गवत कापायची पाती काढून मागे छोटा वखर लावला. मला वाटत होतं, ते स्वतःसाठी करताहेत, मुलाच्या आठवणीसाठी करताहेत. एक दिवस त्यांनी मला हाक मारली. "बाई, इथी बस." मी सीटवर बसले. पाय क्लचपर्यंत पोचेना. त्यांनी गळ्यातला टेप सासूबाईंच्या हातात दिला आणि स्वतः दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. सुनेचं माप सासऱ्यानं कसं घ्यायचं! सासूबाई मोजत होत्या, ते लांबूनच विचारत होते. गुडघ्यापर्यंत किती? हात पुढं केला तं किती?

"मामाजी, मले नाई जमणार," मी म्हणाले.

"मीबी कुठी शिकून आलो होतो? तुयासाठीच करून राह्यलो हे. वाडी तू पाहजो."

सासूबाईंच्या हातातला टेप तसाच राहिला.

पुढे कित्येक दिवस माझी 'ट्रायल' चालली. कपड्याला आधी कच्चा टाका घालतात तसे ते बोल्ट ढिले ठेवायचे, मला बसवायचे, लांबून निरखायचे, उतरवायचे. सीट पुढे आली. क्लचवर सत्तारभाईंनी जाड पट्टी जोडून तो उंच केला. साडीचा काठ पट्ट्यात जाऊ नये म्हणून बाजूनं पत्र्याचं आवरण आलं. शेवटी रंगाचं निघालं. "तूच सांग," ते म्हणाले. मी लाल म्हणाले आणि लगेच जीभ चावली. विधवा बाई, लाल गाडी, गाव काय म्हणेल... मामाजी सायकल घेऊन गेले आणि लाल रंगाचे डबे घेऊन आले.

गावानं म्हणायचं ते म्हटलं. मी पहिल्याच दिवशी कुंपण पाडलं, त्याचंही हसू झालं. मामाजींनी कुंपण उभं केलं आणि म्हणाले, "चाल, पुन्हा बस."

पुढच्या हिवाळ्यात पलीकडच्या शिवारात वाघानं एका बाईवर झडप घातली. बायका रानाकडे जाईनात. कापणीला आलेला धान उभा. मामाजींनी छोटी ट्रॉली करून घेतली, तिला कमरेएवढे कठडे लावले, ट्रकचा जुना भोंगा बसवला. सकाळी मी बायकांना घेऊन निघायचे, भोंगा वाजवत. मला नावं ठेवणाऱ्या बायाच मागे बसून गाणी म्हणायच्या. मामाजी दुकानाला जाताना वाटेत भेटले की सायकल बाजूला घेत आणि आम्हाला पुढे जाऊ देत. तेव्हा त्यांची मान जरा ताठ व्हायची, हे मी पाहिलंय.

मामाजींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्यानंतर थोड्याच दिवसांत चुलत दीर एका पाहुण्यांना घेऊन आले. ताडोब्याकडे त्यांचा रिसॉर्ट आहे. असा जुना परदेशी ट्रॅक्टर फाटकाशी उभा करायचा, लोक फोटो काढतील, म्हणाले. किंमत चांगली देत होते. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. पाहुणे उत्साहानं सीटवर चढले. उंचापुरा माणूस, गुडघे स्टिअरिंगला अडकले. पुढे होईना, मागे होईना. चुलत दिरांनी खांद्याला धरून त्यांना बाहेर काढलं.

"सीट मागं घेता येईल ना?" त्यांनी पँट झटकत विचारलं.

सासूबाईंनी मान वर केली नाही. "ते गाडी तुमच्यासाठी नाई शिवली, भाऊ," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी शिवली."

पाहुण्यांना काही कळलं नाही. मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. ते चहा घेऊन गेले. सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि कठड्याला धरून ट्रॉलीत चढल्या. इतक्या वर्षांत त्या एकदाही तिच्यात बसल्या नव्हत्या.

"चाल," त्या म्हणाल्या. "वांगे लावाचे राह्यले ना अजून?"